रेडिओत सेल नव्हते

भूतबीत मी मानत नाही. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे राव. मापात बसत नाही तो माल रिजेक्ट करायचा, हीच रोजीरोटी. पण ही एक गोष्ट अजून रिजेक्ट करता येत नाही...

आप्पा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या एका कारखान्यात जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरवर, प्रोग्रामर होते. तेव्हा ही मंडळी मशीनवर ट्रान्झिस्टर ठेवायची. प्रोग्राम चालला की मशीनच्या लहरी रेडिओ पकडायचा, खरखरीतून सूर निघायचा, अन् त्यावरून कळायचं कुणाचा प्रोग्राम कुठवर आलाय. आप्पा असेंब्लीत लिहायचे — भाषा किचकट, पण काम भराभर उरकायचं. त्यांचे जिवलग सोनवणे काका कोबोल भाषेवाले. त्यांचं लिहिलेलं कुणालाही वाचता यायचं, पण मशीन रेंगाळायचं. एकदा आप्पांनी काकांचा पगाराचा प्रोग्राम न विचारता असेंब्लीत उतरवला, वर साहेबांपुढे काकांच्या प्रोग्रामला बैलगाडी म्हणाले. काका एवढंच बोलले, "मशीनचा वेळ वाचवलास. माणसाचं काय?"

बोलणं तुटलं ते तुटलंच. आप्पा संत तुकाराम नगरात, काका चिखलीत... रिक्षाने जाण्याइतकं अंतर, पण हट्ट! काका आजारी आहेत हे कळल्यापासून मात्र आप्पा "जायला पाहिजे रे" म्हणत चपला घालायचे, आणि परत काढून ठेवायचे.

त्या रविवारी दुपारची जेवणं उरकली होती. कपाटावरचा आप्पांचा जुना ट्रान्झिस्टर एकदम वाजायला लागला. खरखर, अन् तिच्यात एकच सूर... सावकाश, पुन्हा पुन्हा. आप्पांच्या हातातला पेला तसाच राहिला.

"सोनवण्याचा पगाराचा प्रोग्राम चाललाय," ते म्हणाले. "अजून संपला नाही. चल, आत्ताच्या आत्ता."

बंद करायला मी रेडिओ उचलला, तर हलका लागला. मागचं झाकण उघडलं — सेल नव्हतेच. गळायला लागले म्हणून बायकोने केव्हाच फेकले होते. सूर चालूच होता.

रिक्षात आप्पा वाटभर माफी कशी मागायची ते स्वतःशी घोकत होते. चिखलीत काकांच्या दारात चपलांचा ढीग दिसला. काका सकाळीच गेले होते. माणसं स्मशानातून परतलीही होती. म्हणजे आमच्या घरी सूर वाजला तेव्हा काका नव्हतेच!

आप्पा पायरीवर बसले.

"त्याचा प्रोग्राम नेहमी उशिराच संपायचा रे," ते म्हणाले. "मलाच दम निघायचा नाही."

घरी आलो तेव्हा ट्रान्झिस्टर गप्प होता. मला याचा उलगडा आजही झालेला नाही. आप्पा त्यात सेल घालू देत नाहीत. रोज दुपारी कानाशी धरून बसतात.