उलटा हात

बॉनेट उघडलं की उस्ताद आधी हात पुसायचे. बाकीचे मिस्त्री काम झाल्यावर पुसतात, हे सुरू करण्याआधी. मग उजव्या हाताची मागची बाजू टर्बोकडून येणाऱ्या पाइपाला टेकवायची, झटकन उचलायची आणि इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला टेकवायची. दोन्हींतला फरक मनात मोजून झाला की म्हणायचे, "गाडी काय खाती ते समदे इचारतात. कसली हवा घेती ते कुणीच इचारत न्हाई."

तुमच्या घरी पिकअप असेल तर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नसेल तर थोडक्यात सांगते. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते आणि गाडी ओढायची कमी होते. म्हणून पुढच्या जाळीमागे इंटरकूलर असतो, तो हवा थंड करतो. हे मला निलंग्याबाहेर लातूर रोडवरच्या एका पत्र्याच्या गॅरेजात कळलं. वर्गातल्या बाकावर बसून इतकं सोपं मला कधीच काही कळलं नव्हतं.

उस्तादांकडे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवणारा स्कॅनर होता, मुलानं हौसेनं आणून दिलेला. तो ते वापरायचे, पण उलट्या क्रमानं. आधी हात लावून आकडा सांगायचे, "पंचावन्न." मग स्कॅनर जोडायचे. त्यात चोपन्न किंवा छप्पन्न दिसलं की मान डोलवायचे. "मशीन चांगलं हाय."

चहाचा ग्लाससुद्धा ते आधी उलट्या हातानं बघायचे. चहावाला वैतागायचा. "उस्ताद, चहा हाय तो, रेडिएटर न्हाई."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. आमची देवणीकडच्या गावांतून दूध गोळा करून लातूरच्या डेअरीला नेणारी पिकअप होती. ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा दूध नासू नये म्हणून मी चाक हातात घेतलं, ते सोडलंच नाही. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, शाळेत शिक्षक; त्यांची काही तक्रार नव्हती. धाकट्या भाऊजींना मात्र ते पटत नव्हतं. चारचौघांत आपली वहिनी क्लच दाबते, याचा त्यांना फार संकोच वाटायचा.

एप्रिलच्या उन्हात भरलेली गाडी चढाला दमायची. माठाला ओलं फडकं गुंडाळतात ते रोज डोळ्यांसमोर होतंच. मी गोणपाट भिजवून इंटरकूलरच्या पुढ्यात बांधलं. गाडी खरंच बरी ओढू लागली. डेअरीवर मी दहा जणांना ते दाखवलं. पुढे पावसाळा आला तरी गोणपाट तसंच राहिलं. आता ते आपोआप भिजत होतं, पाणी मारायचेही कष्ट नव्हते, म्हणून मी खूशच होते.

भादव्यात गाडी पहाटे झटके देऊ लागली. समोरचा पिवळा दिवा लागायचा आणि चढाला जीवच जायचा. दोनदा दूध उशिरा पोचलं, एकदा अख्खं परत आलं. शहरातल्या एका वर्कशॉपात सांगितलं, टर्बो बदला. भाऊजींना निमित्तच हवं होतं. "बाईमाणसाच्या हातात दिली की असंच व्हतंय. आता ड्रायव्हर ठिवू." चाक माझ्या हातून चाललं होतं.

टर्बो बदलायला जाताना शेवटचा उपाय म्हणून मी आणि भाऊजी उस्तादांकडे थांबलो. त्यांनी हात पुसले, दोन्ही पाइपांना लावून बघितले आणि खाली वाकून इंटरकूलरचा खालचा पाइप सोडला. आतून कपभर गढूळ, तेलकट पाणी आलं.

"थंड पाण्याच्या तांब्याला भायेरून घाम सुटतो ना," ते म्हणाले, "तसा ह्याला आतून सुटून राहिला. हवा दमट, त्यात हे जास्तीच गार. त्याच पान्यानं पुढं हवेचा सेन्सर माखला. मग तो बिचारा इंजिनाला भलतंच सांगतोय." मग त्यांची नजर गोणपाटावर गेली. "हे कुनी बांधलं?"

ड्रायव्हरवर ढकलता आलं असतं, पण ड्रायव्हर मीच होते. "मी," म्हटलं.

भाऊजी हसले.

"हसू नका," उस्ताद शांतपणे म्हणाले. "उन्हाळ्यात फायदा झाला का न्हाई, ताई?"

"झाला."

"हाव. हवा गार पाहिजे, एवढं ताईनं कुनी न सांगता वळखलं. कवा सोडायचं, तेवढंच राहिलं. ते मी सांगतो. वीस-वीस वर्सं गाडी चालवलेले येतात हितं, इंजिन हवा घेतं हेच त्यांना ठावं न्हाई." सेन्सर पुसून त्यांनी जागच्या जागी बसवला आणि भाऊजींकडे वळले. "टर्बो चांगला हाय. ड्रायव्हर पन चांगला हाय. दोन्ही बदलू नका."

त्या दिवशी माझी मान ताठ झाली ती आजही तशीच आहे. भाऊजींनी पुन्हा ड्रायव्हरचा विषय काढला नाही. उलट वर्षभरातच पाहुण्यांना सांगू लागले, "आमची वहिनी हात लावून गाडीचा ताप सांगती."

कारण तोवर मी शिकत होते. दूध उतरवून परतताना गॅरेजात थांबायचं, उस्तादांनी हात लावला की मागून आपण लावायचा. मी "गरम" म्हटलं की ते चिडायचे. "गरम म्हंजी? अंगाएवढं का चहाएवढं?"

एका हिवाळ्यात कुणाची तरी पिकअप आली. उस्तादांनी हात पुसले, टर्बोकडच्या पाइपाला टेकवला, आणि तो उचललाच नाही.

"उस्ताद, हात," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला. बोटांच्या पेरांवरची कातडी लाल झाली होती. दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्या हाताकडे बघत राहिले.

"कवापासून?" मी हळूच विचारलं.

"आखाडापासून. साखरेच्या बिमारीनं हाताची जाण नेली." त्यांनी तो हात पुन्हा फडक्याला पुसला. मला वाटलं, आता ते सरळ स्कॅनर जोडतील. गाडीवाल्याला त्यातलं काही कळलं नसतं. पण ते बाजूला सरकले आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज ताई बघंल. माझ्यापेक्षा तिचा हात बरोबर हाय."

मी हात पुसले. पहिला पाइप क्षणभरही सोसवेना. दुसऱ्याला टेकवला. "अंगापेक्षा थोडं जास्त. चव्वेचाळीस."

उस्तादांनी स्कॅनर जोडला, चष्मा वर केला, आकडा वाचला आणि गाडीवाल्याकडे बघून म्हणाले, "मशीन चांगलं हाय."

इतकं कौतुक मला जन्मात कुणी केलं नव्हतं. परत येताना गाडीत मी एकटीच रडले, आनंदानं.

उस्ताद गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. गॅरेजाच्या जागी टायरचं दुकान आलंय. त्यांच्या मुलानं स्कॅनर माझ्या हातात दिला. "बाबा म्हणले होते, ताईला द्या," एवढंच बोलला. तो माझ्या सीटखाली असतो.

लातूरला डेअरीच्या आवारात पहाटे गाड्यांची रांग लागते. कुणाची तरी गाडी ओढत नसते, मग हाक येते, "ताई, जरा हात लावून बघा की." मी खाली उतरते. बॉनेट उघडलेलं असतं, चार-सहा ड्रायव्हर भोवती उभे असतात, त्यांत एखादा नवाही असतो. तो विचारतो, "आधी मशीन का न्हाई लावत?"

मी आधी हात पुसते.