येळवशीची आंबील

"वंजळ कर, वरून वतते," मालकीणबाई म्हणाल्या.

येळवस व्हती, रानात पूजा करून तिथंच जेवायची आवस. तेरच्या शिवारात ज्वारी छातीला लागलेली. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झालेली, सगळे गोल करून भज्जी अन् बाजरीचे उंडे खायाला बसलेले. येळवशीला वाटंनं जाणाऱ्या परक्यालाबी हाक मारून जेवू घालतात आमच्याकडं. मला तर रानाच्या मालकांनी आदल्या दिवशी फोन केलेला. "आक्का, तुमच्याच खतावर रान आलंय. यायलाच पायजे." मी डोक्यावरून न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. अन् बसवलं कुठं? बांधावर, चपलांपाशी.

मी मैलापाणी केंद्रावर कामाला हाय. गटारीचं पाणी साफ झालं की खाली गाळ उरतो. तो आमी बाया वाफ्यात पसरतो, खालवर करतो, वाळवतो, पालापाचोळ्यात कुजवतो. लई महिने जातात. चिमटीत भुरभुरला, वास मेला, की म्या "झालं" म्हणायचं. मगच नमुना तपासणीला जातो. साहेबसुद्धा आधी मलाच इचारतात.

तेच खत मालकांनी मूठभर घेऊन फोटो काढला व्हता. नाकाला लावून हुंगलं व्हतं. खत चालतं. माझा हात चालत न्हाय!

म्या वंजळ केली. आंबील कोपरापर्यंत वघळली. अन् आमच्या आळीत नाल्या काढणारी मावशी डोळ्यापुढं आली. तिला म्या बी असंच वरून पाणी पाजलं व्हतं, कैक वर्षं. वर "दमलीस का गं" म्हणून मी पुण्य केल्यासारखी घरात जायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्या हात झटकले. "गिलास द्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

"अगं बया, तुला काय कमी केलं व्हय? कामच तसलं तुझं."

आक्का म्हणणारे मालक खाली बघून उंडा कुस्करत बसले. मी उठले. सणाच्या दिवशी उपाशी, फाट्यापर्यंत पायी आले. रडलेबी. राग त्यांच्यावर कमी, माझ्यावरच जास्त.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारात जाऊन माफी मागितली.

"आता कळलं व्हय?" ती म्हणाली. "ये, बस" म्हणाली न्हाय.

आता पेरणीआधी मालकांना खताच्या चार ट्रॉल्या पायजेत. साहेब म्हणतात, "बाई, कशाला ताणता? गिऱ्हाईक तुटंल." ठेकेदार म्हणतो, कामावरनं काढीन. काढलं तर घरात चूल पेटायचे वांदे, मला ठाऊक हाय. पण त्या रानासाठी आमी सहाजणी घमेलं भरणार न्हाय. पायजे तर मालकांनी अन् मालकीणबाईंनी यावं, वाफ्यात उतरावं, स्वतःच्या डोक्यावर वाहावं. कुणी आडवत न्हाय त्यांना. माझं काम गेलं तर जाऊ दे. फावडं म्या उचलणार न्हाय.