व्याह्यांच्या मांडीवर फुगलेला पाव

सन २०२३. माझं वय बहात्तर, शिक्षण चौथी (नापास नाही, शाळाच मी सोडली), आणि पाव मला करता येत नाही हे मला माहीत नव्हतं.

माझे व्याही कर्वेनगरचे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. रविवारी आमच्याकडे हडपसरला मिसळ खायला बोलावलं, तर फोनवर म्हणतात, येताना पाव मीच आणतो. मी म्हणालो, घरचा खाऊ घालतो. त्यावर हळूच हसले.

"पावात शास्त्र असतं आबासाहेब. भाकरी थापण्याइतकं सोपं नाही ते."

झालं! मी सांगून टाकलं, रविवारी पाव फुगला नाही तर इथून पुढं तुम्ही म्हणाल ते खरं. (असलं वचन मी बायकोलाही कधी दिलं नव्हतं.)

रविवारी सकाळी मैदा परातीत घेतला. सूनबाई, म्हणजे व्याह्यांचीच लेक, समजावायला लागली. यीस्ट जिवंत असतं, पाणी कोमट घ्या, मीठ त्याच्यावर थेट टाकू नका, साखर थोडीच घाला. मी म्हणालो, पन्नास वर्षं शेती केली, जिवंत काय नि मेलेलं काय मला कळतं. मग चहाला उकळतं तसलं पाणी ओतलं, वर मूठभर मीठ. दोन तास गोळा होता तसाच. बोटानं दाबला तर बोटच दुखलं.

सूनबाई म्हणाली, "मेलं ते, आबा."

"मरू दे. दुसरं हाय."

दुसऱ्या वेळी पाणी कोमट घेतलं, पण यीस्टच्या उरलेल्या सगळ्या पुड्या ओतल्या. बी कमी पडलं तर पीक विरळ येतं, एवढं मला कळतं! साखर वाटीभर. सूनबाई म्हणाली, आता ऊबदार जागी ठेवा. पोराच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीएवढी ऊबदार जागा अख्ख्या सोसायटीत नव्हती. गोळा पातेल्यात घालून झाकण लावलं, पातेलं घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं, काचा लावल्या आणि अंघोळीला गेलो.

अंघोळीहून आलो, तर पोरगा गाडी घेऊन व्याह्यांना आणायला गेलेला. फोन लावला, तर त्याचा मोबाईल टीव्हीशेजारी वाजतोय.

पुढचं मला नंतर कळलं. व्याही मागेच बसतात, साहेबासारखे. ब्रेक लागला की पातेलं घसरायचं, म्हणून भल्या माणसानं ते मांडीवर घेतलं. रस्त्यात गर्दी, वर ऊन, आणि आत सगळ्या पुड्यांचं यीस्ट. झाकण आधी हललं, मग उचललं, मग घोंगडीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर पसरलं. पोराला वाटलं सासऱ्यांना उलटी झाली. त्यानं गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली पुढं केली. पाणी लागल्यावर ते आणखी चिकटलं.

दारात व्याही उभे राहिले तेव्हा कमरेपासून गुडघ्यापर्यंत नुसता मैदा. सूनबाईनं तोंडाला पदर लावला. माफी मागायची सोडून मी विचारलं, "फुगला का नाही?"

व्याह्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं.

"फुगला. पण पाव खायचा असतो आबासाहेब, नेसायचा नसतो."

मिसळ आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, एक अक्षर बोलले नाहीत, आणि माझं धोतर नेसून घरी गेले. ते न बोलणंच मला लागलं. फुगला तर होता, म्हणजे मी हरलो नव्हतो. पण त्यांनी खाल्ला नव्हता, म्हणजे जिंकलोही नव्हतो. असं अर्धवट सोडणारा माणूस मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं कर्वेनगर गाठलं. पिशवीत दोन किलो मैदा आणि रात्रीच विकत आणलेली यीस्टची एकच पुडी. विहीणबाईंना म्हणालो, जरा परात द्या, आणि कोमट पाणी. व्याही पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, आत गेले, आणि कालचं माझं धोतर नेसून बाहेर आले.