कुंकू न लागलेली बाटली

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात माझी गाडी सिग्नलवर थरथरायला लागली. गाडी ऑटोमॅटिक, तिला क्लच नाही, त्यामुळे दोष माझ्या डाव्या पायावर ढकलायचीही सोय नव्हती. त्याच पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर नवऱ्यानं ती हौसेनं घेतली होती. विकणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं की गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. कुणाच्या आयुष्यभर, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तेल तेच होतं.

मुलाचं मत ठरलेलं. बंगळुरात, आमच्या एचएसआर लेआउटमध्ये, फोनवर बोट टेकवलं की दारात टॅक्सी येते, मग साठीच्या बाईनं गाडी हाकायची कशाला? गाडीनं पुन्हा कुरकुर केली तर विकून टाकू, असं त्यानं मला प्रेमानं सांगून ठेवलं होतं. प्रेमानं सांगितलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही, ही मोठी पंचाईत. आणि गाडी गेली की माझा रविवार गेला. दर रविवारी मी चामराजपेटेत अण्णाकडे जाते. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून एकटा राहतो. त्याला डॉक्टरकडे न्यायचं, बाजार करायचा, दोन ओळखीच्या घरी डोकावायचं, हे सगळं मी गाडीतून करते. टॅक्सीनं गेले तर मी पाहुणी होते.

म्हणजे थरथर थांबवायची होती आणि मुलाला कळू द्यायची नव्हती. मी फोनवर व्हिडिओ पाहिले. टाय लावलेला एक गृहस्थ गिअरबॉक्सच्या तेलात घालायचं औषध दाखवत होता. एक बाटली ओता. धक्के बंद, गळती बंद, गिअरबॉक्स पुन्हा तरुण. अशाच चेहऱ्याची माणसं गुडघ्याचं तेलही विकतात. ते मी दोन वर्षं चोळलं आणि मग ऑपरेशन करून घेतलं. इतका अनुभव गाठीशी असून मी बाटली मागवली.

ती ओतायची कुठून, हे मात्र कळेना. बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग बाटली घेऊन अण्णाकडे गेले.

अण्णानं चाळीस वर्षं पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात गिअर कापले. त्या कारखान्यात आयुधपूजेची एक रीत होती. पूजेच्या आधी प्रत्येक मशीनचं तेल बदलायचं, आणि वर्षभरात ज्यानं काम केलं त्यालाच कुंकू लावायचं. बंद पडलेल्या लेथला नाही, नुसत्या शोभेच्या नव्या यंत्रालाही नाही. एका वर्षी मालकाची मोटार गॅरेजमध्येच बसून होती, तेव्हा तिलाही कुंकू मिळालं नाही, हे अण्णा अजून चवीनं सांगतो. घरीही तो ही रीत पाळतो.

त्यानं चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि व्याख्यान सुरू केलं. तेल जळलं असेल तर औषध घालून ते ताजं होत नाही. आतल्या चकत्या झिजल्या असतील तर बाटलीतून नव्या येत नाहीत. रबरी सील कडक झालं असेल तर स्वल्प मऊ पडेल, चार दिवस बरं वाटेल. आणि यातलं काहीच झालं नसेल तर घालायचं कशाला? मी नेहमीसारखी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी म्हटलं की तू ओतणार नसशील तर मी दुसऱ्या कुणाकडून ओतून घेते.

"मुलाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"सरी, बरं. चावी ठेवून जा. ओततो."

दोन दिवसांनी गाडी परत मिळाली. थरथर गायब. मग मला राहवेना. इमारतीच्या लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी बाटलीचा महिमा सांगितला. तिघांनी मागवली. एकाला गाडी सुधारल्यासारखी वाटली, एकीची होती तशीच राहिली, आणि तिसऱ्याची गाडी ऑटोमॅटिक नव्हतीच, तरी त्याचं समाधान झालं. अण्णाला तर मी दर रविवारी ऐकवायचे की काही गोष्टी पीण्यात शिकवत नाहीत. तो मान हलवत कॉफी करायचा.

यंदाच्या खंडेनवमीला त्यानं पाटावर पाने, पकडी, वहिनीचं शिवणयंत्र, मिक्सर असं सगळं मांडलं. खाली गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. जुन्या पान्यांचा डबा आणायला मला कपाटाकडे पाठवलं. डब्यामागे माझी बाटली होती. झाकणावरचं सील जसंच्या तसं.

मी ती पाटावर नेऊन ठेवली. अण्णा एकेका वस्तूला कुंकू लावत आला आणि बाटली सोडून पुढे गेला.

"हिला राहिलं," मी म्हटलं.

"हिनं काय काम केलंय?"

मग सगळं बाहेर आलं. गाडी त्यानं पीण्यातल्या जुन्या सोबत्याच्या गॅरेजमध्ये नेली होती. तेल निघालं ते कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काळं, जळका वास मारणारं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल आणून दोनदा बदललं, फिल्टर नवा घातला. नशिबानं चकत्या शाबूत होत्या. मला राग आला. वर्षभर मी त्याच्यासमोर मिरवत होते आणि तो कॉफी करत होता. मला सांगायला काय झालं होतं, असं मी जरा वरच्याच आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मुलाला विचारलं असतंस. गिअरबॉक्सला हात लावायचा म्हटल्यावर त्यानं गाडी ठेवू दिली असती? आणि काही बिघडलं असतं तर बाटलीच्या नावावर घालायचं ठरवलं होतं मी." त्यानं बोटाचं कुंकू पुसलं. "मग रविवारी मी दाराकडे बघत बसलो असतो."

मी पूजेचं ताट उचलून मागे सरले. नवरा गेल्यापासून कुंकू लावायची वेळ आली की मी ताट धरून मागे उभी राहते. कुणी तसं सांगितलेलं नाही, आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. अण्णानं पुन्हा करंड्यात बोट बुडवलं, तेव्हा मला वाटलं त्याला बाटलीची दया आली. त्यानं ते माझ्या कपाळाला लावलं.

"एक रविवार चुकवला नाहीस," तो म्हणाला.

घरी येताना प्रत्येक सिग्नलवर मी आरशात बघितलं. पुसलं नाही. दार मुलानं उघडलं. तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला, मग काहीतरी बोलायचं म्हणून गाडी कशी आहे असं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हटलं. "तेल बदललंय. आता विकायची नाही."