बुडबुड्याची शेपटी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचर काकांचे. त्यांच्यामुळे माझे गुण कमी झाले.

नव्वदच्या दशकात वर्ध्याकडच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून उतरवायची रीत होती. त्यात वटवाघूळ डोकं वर करून, फोटोला उभं राहिल्यासारखं ताठ असे, कारण बरणीत ते तसंच ठेवलेलं होतं. खिडकीबाहेरच्या चिंचेवर वटवाघळं उलटी लटकत. ती अभ्यासक्रमात नव्हती. समोरच्या पानावर नॉक्टिल्युका, समुद्रात तरंगणारा एकपेशीय जीव. समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता, सरांनीही नाही. गोल काढून शेपटी लावायची आणि दोघांतला फरक लिहायचा: एक उडतो, एक तरंगतो.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी गोल गिरवत होतो. काकांनी नॉक्टिल्युकाची स्लाइड लावून मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"याले शेपटी कुठं दिसून राह्यली तुले?"

दिसत नव्हती.

"हवेचा बुडबुडा हाये तो, बापू. जीव कधीचाच विरून गेला. सरायले सांगतलं, तर म्हने, पोरं पास होऊन राह्यली ना?"

परीक्षकांनी मला नेमके तेच दोन नमुने दिले. घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं; नापास झालो तर कापसाच्या जिनिंगमधलं काम बाबांनी बोलून ठेवलेलं होतं. तरी वटवाघूळ उलटं काढलं आणि दुसऱ्या आकृतीच्या जागी लिहिलं, 'स्लाइडमध्ये जीव नाही.' परीक्षक बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. सर भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. शेपटीवाल्यांना भरघोस गुण मिळाले. मी काठावर पास झालो. शेरा होता, 'आकृती अपूर्ण.'

पुढे रत्नागिरीला समुद्राचं पाणी तपासायची नोकरी लागली. तिथून काकांना पत्र धाडलं:

'काका, सा. न.

आज नॉक्टिल्युका पाहिला. जिवंत. शेपटी खरंच आहे, आणि ती हलते. तुमच्यासाठी एक स्लाइड पाठवतो आहे. सरांना दाखवू नका, कॉलेजच्या स्लाइडशी जुळत नाही म्हणून परत पाठवतील. चिंचेवरच्या मंडळींना माझा नमस्कार. ती अजून उलटीच लटकत असतील, कारण त्यांनी आपलं जर्नल वाचलेलं नाही.

तुमचा, काठावर पास झालेला.'