पंधरा पावलं मागे

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. पण भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत, आपल्याच व्याह्यांच्या नाकासमोर रिकामं ताट नाचवण्याचा मूर्खपणा एकदाच केला. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे समज यायला अजून बराच अवकाश होता. आणि ज्यांच्यासमोर नाचले ते आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील, हे पृथ्वीच्या पाठीवरचे एकमेव गृहस्थ होते, ज्यांना माणसाचा आनंद कुठे संपतो आणि उन्माद कुठे सुरू होतो याची रेघ चुन्यानं आखल्यासारखी स्पष्ट दिसायची.

अमेरिकेत मुलं असलेल्या आमच्यासारख्यांचा एक अलिखित नियम आहे. सहा महिने मुलाकडच्यांनी यायचं, पुढचे सहा महिने मुलीकडच्यांनी. दोन्ही बाजू एका छपराखाली आणायच्या नाहीत. आणल्या तर भांडी फुटतात. दोन हजार सहा साली मुलाच्या श्रूजबरीच्या घरात हा नियम मोडला. सून बाळंत व्हायची होती. तिची आई त्याच मार्चमध्ये अचानक गेली होती, आणि नागपूरच्या घरात वडिलांना एकटं ठेवायला तिचं मन धजेना. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही म्हणून ते पुण्यातच राहिले. उरलो आम्ही दोघं, मी आणि व्याही, थोड्याच दिवसांत आलेली नात आणि तळघरातला भिंतीएवढा टीव्ही.

त्या टीव्हीवर दर रविवारी माझा मुलगा फुटबॉल पाही. अमेरिकेतला, म्हणजे ज्यात चेंडूला पायानं क्वचितच शिवतात तो. मला त्यात गड्यांच्या ढिगाऱ्याखाली कोण आहे यापलीकडे काही कळत नसे. व्याही मात्र पहिल्याच रविवारी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. ऐन तारुण्यापासून त्यांनी नागपुरात पंचवीस वर्षं कबड्डीची पंचगिरी केलेली, आणि इथे त्यांनी काय पाहिलं? एका गड्यानं गुण मिळवला, पडलेल्या गड्यापाशी परत जाऊन त्याच्या तोंडासमोर कंबर हलवली, आणि पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेल्या पंचानं खिशातून पिवळा रुमाल काढून मैदानात फेकला. पंधरा यार्डांचा दंड, म्हणजे त्याच्या संघानं तेवढं मागे सरकायचं.

"म्हणजे हिणवल्याबद्दल शिक्षा आहे?" व्याह्यांनी माझ्या मुलाला विचारलं.

"हो बाबा. टाँटिंग. आणि सेलिब्रेशनचेही रूल्स आहेत. उभं राहून नाचलं तर चालतं, जमिनीवर लोळून नाही. दोघातिघांनी ठरवून नाही. हातात काही वस्तू घेऊन तर नाहीच."

व्याह्यांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हा नियम मागत होतो ना जी. कोणी दिला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या कपाटातून एक पिवळं फडकं मागून घेतलं, कोपऱ्यात वजनासाठी चार राजम्याचे दाणे बांधले, आणि आमच्या घरात कायद्याचं राज्य सुरू झालं. पत्त्यांत जिंकून मुलगा शीळ घालू लागला की रुमाल. दंड ठरलेला: जागेवरून पंधरा पावलं मागे जायचं आणि निमूटपणे परत यायचं. देवळात एका काकूंनी मुलीच्या कॉलेज अॅडमिशनची हकिगत तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा त्यांच्या मांडीत रुमाल पडला. काकूंना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी तो कपाळाला लावला. एकदा शेजारच्या गोऱ्या गृहस्थानं आपला ड्राइव्हवे आमच्याआधी साफ करून फावडं डोक्यावर धरलं आणि गोल फिरला. व्याह्यांनी बर्फातून रुमाल भिरकावला. अमेरिकेत एकही शब्द न सांगता त्यांना समजून घेणारा तो पहिला माणूस: त्यानं दोन्ही हात वर केले आणि गुडघाभर बर्फात पंधरा पावलं मोजत मागे गेला. त्या दिवसापासून दोघांची घट्ट मैत्री झाली.

माझ्यावर तर दिवसाला तीनदा रुमाल पडे. मी वरमाय, टोमणा हा माझा जन्मसिद्ध हक्क. लग्नात आइस्क्रीम वितळलेलं मिळालं म्हणून मी अडीच तास रुसून बसले होते, हे मी अभिमानानं सांगत असे. तेव्हा मी खेळाडूंच्या बाजूनं भांडायची. मुलाचे मित्रही माझ्या बाजूचे. "काका, यार, तो बिचारा आठवडाभर मार खातो. दहा सेकंद नाचू द्या ना त्याला," ते म्हणत. मीही विचारी, की ज्याच्या अंगावर चार रेडे धावून येतात त्यानं जिंकल्यावर काय स्तोत्र म्हणायचं?

"नाचावं ना," व्याही म्हणत. "पण आधी पडलेल्याला हात देऊन उठवावं. मग खुशाल नाचावं."

थंडीच्या दिवसांत त्यांना एक नवंच खूळ लागलं. पुडाच्या वड्या. कोथिंबिरीचं सारण भरून तळायच्या, नागपूरकडचा पदार्थ. बहिणीला फोन लावून ते कृती विचारत आणि रोज काहीतरी बिघडवत. कधी वरची पारी सुटे, कधी सारण तेलात तरंगे. मी ओट्याशी उभी राहून हसायची. मला वाटे, रिकामपणचे उद्योग.

फेब्रुवारीत मोसमातला शेवटचा मोठा सामना आला. आमच्या भागातली टीम आधीच हरून घरी बसली होती, त्यामुळे जमलेल्या पंधरावीस जणांचं लक्ष खाण्यावर. एका ताटात माझे बटाटेवडे, दुसऱ्यात व्याह्यांच्या पुडाच्या वड्या, या वेळी न फुटलेल्या. मुलानं जाहीर केलं, हाफटाइमपर्यंत ज्याचं ताट रिकामं तो जिंकला. पाहुणे बहुतेक पुण्यामुंबईचे. बटाटेवडा दिसल्यावर अनोळखी वडीकडे कोण बघतो? मध्यंतराआधीच माझं ताट स्वच्छ झालं.

मग मी ते उचललं. व्याह्यांसमोर जाऊन डोक्यावर धरलं, एक गिरकी घेतली, आणि उकिडवी बसून फुगडीच्या दोन उड्या मारल्या. म्हणजे वस्तू हातात, अंग जमिनीपाशी, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे. एकही नियम शिल्लक ठेवला नाही. वर म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचं ताट म्हणजे रुसलेली वरमाय. कुणी हातच लावेना."

सगळे हसले आणि रुमालाची वाट पाहू लागले. व्याह्यांचा हात खिशात गेला. तिथेच थोडा वेळ राहिला. मग नुसताच बाहेर आला, आणि ते आपलं ताट घेऊन वर स्वयंपाकघरात गेले.

मी हसत मागोमाग गेले, आणि दारातच थांबले. सून बाळाला खांद्यावर घेऊन ओट्याशी उभी होती. तिनं एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले. "बाबा, आईसारखी झालीय," म्हणाली. व्याही खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला पाहून सून हळूच म्हणाली, "आईनं मला फोनवर कबूल केलं होतं. बाळंतपणाला आले की पहिल्या दिवशी पुडाच्या वड्या करीन. तिचा व्हिसासुद्धा झाला होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकते.

त्या संध्याकाळचा दुसरा अर्धा सामना मी पाहिला नाही. मी ओट्याशी उभी राहून उरलेल्या वड्यांतल्या तीन खाल्ल्या. उत्तम होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही एकटेच चहा घेत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मागे चालू लागले. स्वयंपाकघर नऊ पावलांत संपलं, बोळ चार पावलांत. चौदावं आणि पंधरावं पाऊल मला थंडगार गराजमध्ये टाकावं लागलं. तिथून मी ओरडून विचारलं, "काल का नाही टाकलात रुमाल?"

व्याही कप खाली ठेवून बोळापर्यंत आले. मला परत आत घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. आज ते नाहीत. ज्या नातीसाठी ते आले होते, ती आता शाळेत सॉकर खेळते, आणि गोल केला की आधी पडलेल्या मुलीला हात देते. हे तिला कुणी शिकवलं म्हणून विचारतात, तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवते, आणि मला लाज वाटते. कारण मला ते ज्यांनी शिकवलं, ते त्या सकाळी माझा गारठलेला हात धरून म्हणाले होते:

"काढणारच होतो ना जी, विहीणबाई. पण हाताला ओला लागला, वड्या तळताना डोळे त्यानंच पुसले होते. आणि ओल्या रुमालानं पंचानं निकाल देऊ नये."