साहेबांनी न वाचलेलं पत्र

कॉलेजात सगळे तिला टाइपबाई म्हणायचे. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर, गुडघ्यानं धक्का दिल्याशिवाय खण न उघडणाऱ्या टेबलाशी ती सोळा वर्षं बसत होती. तिचं मुख्य काम म्हणजे शिफारसपत्रं. कुणाला डॉक्टरकीला जायचंय, कुणाला वकिलीला. प्रत्येकाला साहेबांचं पत्र हवं. आणि साहेब लिहायचे का? छे हो! त्यांनी उभ्या आयुष्यात स्वतः एक ओळ लिहिली असेल तर शपथ. पोरं गुणपत्रिका टेबलावर टाकायची, टाइपबाई ‘मी या विद्यार्थ्याला जवळून ओळखतो’ असं ठोकून द्यायची, साहेब फोन कानाला लावून सही करायचे आणि एक प्रत जावक फाइलमध्ये जायची. वर्गाचं तोंड न पाहिलेली पोरंसुद्धा त्या फाइलमध्ये अभ्यासू आणि विनम्र होती.

याचं तिला कधी काही वाटलं नाही. नोकरी म्हटली की चालायचंच. पण त्या वर्षी तिनं स्वतःच कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गांना अर्ज केला. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. अर्जासोबत वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं होतं, शुक्रवारपर्यंत.

साहेब ऐकून खूश झाले.

“अरे वा! लिहून आणा, सही करतो.”

निदान काय लिहू ते तरी सांगा, असं ती म्हणाली. साहेबांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि वेळेवर येता, ते घाला, असं सुचवलं. सोळा वर्षांचा हिशेब एवढाच!

घरी मोठी बहीण होती, जिभेला हाड नसलेली. परक्यांच्या पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवताना बोटं आखडली नाहीत, मग आताच कुठलं सोवळं आठवलं, असं तिनं विचारलं. तिचं काही चुकत नव्हतं. तरी ‘मी यांना जवळून ओळखतो’ हे स्वतःबद्दल टाइप करताना टाइपबाईला शिसारी आली. आपलंच उष्टं आपल्याच ताटात वाढून घ्यावं तसं. ते पत्र तिनं कसंबसं संपवलं आणि त्याच तिरमिरीत दुसरं लिहिलं:

‘या बाईंना मी ओळखत नाही. सोळा वर्षं माझ्या नावानं गेलेलं प्रत्येक पत्र यांनीच लिहिलं, हेसुद्धा. मी त्यातलं एकही वाचलेलं नाही.’

शुक्रवारी तिनं दोन्ही पत्रं साहेबांपुढे ठेवली. खरं मुद्दाम वर. वाचतील, भडकतील, निदान मान वर करून आपल्याकडे बघतील. मग खालचं पुढे करू, असा तिचा बेत. साहेब फोनवर नव्या गाडीचा रंग ठरवत होते. दोन्हींवर सही झाली आणि शिक्का मारून घ्या, अशी हातानंच खूण झाली.

ती दोन्ही कागद घेऊन टेबलाशी बसली. खरं पाठवावं असं फार वाटत होतं. पण प्रवेश गेला असता, कायमचा. तिनं खोटं पत्र पाकिटात घातलं आणि खरं जावक फाइलला लावलं. घरी जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. साहेबांची किळस आली होतीच. आता स्वतःचीही आली.

प्रवेश मिळाला. साहेबांनी सगळा विभाग केबिनमध्ये बोलावला आणि आपल्या पत्राला बाहेर केवढं वजन आहे ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाइपबाईला सगळ्यांदेखत आभार मानावे लागले आणि तिनं ते मानले.

सगळे गेल्यावर ती फाइल घेऊन परत आत गेली. ते खरं पत्र काढून तिनं साहेबांसमोर ठेवलं आणि एवढं एकदा बघा, म्हणाली. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“कुठे करू?”

“केलीय, साहेब.”

“मग झालं तर,” म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.